शेंदूर लागलेला हद्दीचा दगड

मित्रांनो, ज्याला तुम्ही सगळे न हलणारा म्हणता, तो मी. हद्दीचा दगड. पडेगावच्या शिवारात, दौलताबादच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर मी उभा आहे. अंगावर बोटभर जाडीचा शेंदूर आहे, पुढ्यात नारळाच्या करवंट्या आहेत आणि माझ्यामुळं एका बाईचं पाणी तुटलं आहे. कीर्तनात महाराज आधी पूर्वरंग लावतात, मग कथेला हात घालतात. मीही तसंच करतो. माझा पूर्वरंग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, पण थोडक्यात आटोपतो.

तेव्हा ही जमीन इथं नव्हतीच. विषुववृत्ताच्या बऱ्याच खाली, दक्षिणेच्या समुद्रात, आपला हा सगळा देश तराफ्यासारखा वाहत होता. धरणीचं वरचं कवच अखंड नाही, मित्रांनो. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. खालच्या तापलेल्या, मऊ झालेल्या खडकावरून ते सरकत राहतात आणि पाठीवरची खंडं बरोबर घेऊन जातात. आमचा पट्ट असाच सरकत एका धगधगत्या जागेवर आला. जमिनीला कोसाकोसांच्या भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ आग वाहू लागली. ती थंड झाली की थर व्हायचा. थरावर माती धरायची, तळी साचायची, झाडं यायची, बेडूक डरावायचे. हजारो वर्षं सगळं सुखानं चालायचं. मग पुन्हा भेग उघडायची आणि तेवढं सगळं जळून जायचं. एकदा नाही, कितीतरी वेळा. त्या बेडकांनी कोणाचं काय बिघडवलं होतं? त्यातल्याच एका थरात मी जन्मलो. त्याच सुमारास आमच्या कडेचा एक तुकडा फाटून मागं राहिला. आज तो लांब समुद्रात बेटं होऊन पडला आहे. आम्ही उत्तरेला चालत राहिलो, आशियाच्या अंगावर जाऊन आदळलो आणि मधला समुद्र चिरडला गेला. त्या धडकेतून हिमालय उठला. आजही आम्ही थांबलेलो नाही. नख वाढावं त्या चालीनं, वर्षाला दोन-तीन बोटं, सगळी जमीन सरकतेच आहे.

झाला पूर्वरंग. आता माणसांकडं येतो.

निजामाचं राज्य संपवणारी पोलिस ॲक्शन होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. वडारांनी मला खाणीतून काढलं, घणानं तोडलं आणि माझ्या माथ्यावर छन्नीनं फुली मारली. त्रिंबक आणि मुंजाबा या दोन भावांची वाटणी होती. बापानं मेंढरं विकून घेतलेली जमीन होती ती. धाकट्या मुंजाबानं काळी, सपाट बाजू मागितली. त्रिंबकानं हसत दिली आणि आपण मुरमाड बाजू घेतली. मोजणीदारानं साखळी ताणली, मला निम्म्यापर्यंत जमिनीत गाडलं, वर पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "हां. आता हा इथून हलायचा नाही." मला हसू आलं. त्याला घेऊन मी तेव्हाही उत्तरेला चाललो होतो.

माझ्यापासून नऊ पावलांवर, आपल्या बाजूला, त्रिंबकानं विहीर धरली. तो खाली खणायचा आणि त्याची बायको बानाबाई पाट्या भरून वर ओढायची. दोन उन्हाळे गेले. सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोल, पाणी लागलं त्या दिवशी बानाबाईनं पहिली घागर माझ्या डोक्यावर ओतली आणि म्हणाली, "घे रे बाबा, तूबी तहानलेला असशील." इतक्या कोटी वर्षांत मला कोणी पाणी पाजलं नव्हतं.

पुढं विहीर खोल करताना सुरुंगाची वात विझली असं समजून त्रिंबक खाली उतरला. वात विझलेली नव्हती. जो खडक फुटून त्याच्या छातीवर आला तो माझ्या सख्ख्या नात्यातला, एकाच आगीतून निघालेला. मुंजाबानं भावाला स्वतः खांद्यावरून वर काढलं. तो धाय मोकलून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, मित्रांनो. म्हणून तर पुढचं सांगताना मला जड जातं.

बानाबाई मुंजाबाला पाणी देत होती. "घ्या की भावजी, विहीर काय आटती व्हय?" म्हणायची. दिवसाआड त्याची मोट चालायची. पण मुंजाबाला ऊस लावायचा होता, आणि दिवसाआडच्या पाण्यावर ऊस होत नाही. त्याला विहीर हवी होती, सगळीच्या सगळी.

एका वैशाखात त्यानं नांगराचं शेवटचं तास बांधाला घासून नेलं. पुढच्या साली बांधातूनच नेलं. माझ्या मुळाशी माती राहिली नाही, मी कलंडलो. मुंजाबानं मला उचललं आणि चार बोटं पुढं, विहिरीच्या बाजूला, नीट ठोकून बसवलं. भर दुपारी, सगळ्यांदेखत.

"भावजी, दगड सरकला वाटतं?" बानाबाईनं विचारलं.

"पडला व्हता वैनी. नीट लावला. एवढं करू न्हाई का म्या तुमच्यासाठी?"

दरसाल हेच. कधी चार बोटं, कधी वीत, कधी हात. नऊ पावलांची सात झाली, साताची पाच. बानाबाई पटवाऱ्याकडं तीनदा जाऊन आली. तो म्हणायचा, "मोजणी पुढच्या साली." त्याचं पुढचं साल कधी आलंच नाही.

एके वर्षी शहरातल्या कॉलेजचे एक सर मुलामुलींना घेऊन खडक दाखवायला आले. उन्हानं तापले होते. बानाबाईनं सगळ्यांना पाणी दिलं. सरांनी माझ्यावर हात ठेवला आणि मी तुम्हाला सांगितलेला सगळा पूर्वरंग त्यांना सांगितला. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला ओळखलं होतं. मुंजाबा मोट थांबवून ऐकत होता. तो मोठ्यानं हसला.

"ऐकलं का वैनी? मास्तर म्हणत्यात, सगळी जिमीनच सरकती. अन तुम्ही नाहक माझ्या नावानं बोंबलता!"

मुलं हसली. सर हसले नाहीत. "पाहुणे, सगळी सरकते ती एकदम सरकते," ते म्हणाले. "हा दगड सरकला तर ही विहीरही तेवढीच सरकते. दोघांमधलं अंतर बोटभरही कमी होत नाही."

बानाबाईनं घागर खाली ठेवली. "पुन्यांदा सांगा, सर."

सरांनी पुन्हा सांगितलं.

"म्हंजी दोघं एका बैलगाडीत बसलेत."

"अगदी तसंच, बाई."

दुसऱ्या दिवशी ती चावडीवर गेली आणि पंचांसमोर हेच बोलली. मी तिथं नव्हतो, पण जे झालं ते मुंजाबा विहिरीवर आल्यागेल्याला नक्कल करून दाखवायचा, म्हणून मला पाठ आहे. म्हातारे कडूबा पाटील म्हणाले होते, "बानाबाई, धरणी चालती व्हय? मंग माझं घर सकाळी काऊन सापडतं मला?" चावडी अशी हसली की म्हणे कुत्री उठून गेली. "मालकाच्या मागं डोक्यावर परिणाम झाला बाईच्या," असा फैसला झाला.

खरं बोलून हसू झालं. मग तिनं दुसरी वाट धरली.

एका रविवारी सकाळी ती वाटीत तेल आणि शेंदूर कालवून आली. मला धुतलं. माथ्यावरची फुली, अंगावरची छन्नीची खूण, सगळं शेंदरानं बुजवलं. हलक्या आवाजात म्हणाली, "देवा, माफ कर. तुला देव करते. देवाला तरी कोणी हात लावायचा न्हाई."

आणि खरंच, मित्रांनो, तीन वर्षं मुंजाबाचा नांगर माझ्यापासून हातभर लांब वळला. मी बांधावरचा म्हसोबा झालो. कोणाचा ताप उतरला, कोणाची हरवलेली म्हैस सापडली, सगळं माझ्या खात्यावर. नारळ फुटू लागले. बानाबाईला झोप लागू लागली असावी, कारण ती विहिरीवर ओव्या गुणगुणायची.

चौथ्या वर्षी मुंजाबानं गावात सप्ताह बसवला आणि मंडळींपुढं हात जोडून म्हणाला, "आपला देव बांधावर उन्हात बसलाय. नांगराची धूळ खातो. मला बघवत न्हाई. विहिरीच्या पल्याड लिंबाखाली म्या ओटा बांधून देतो. जागा वैनीची, म्हंजी मान वैनीचाच!"

सगळ्यांनी वाहवा केली. कोणी हद्दीचा दगड हलवतो म्हटलं असतं तर गाव काठ्या घेऊन उठलं असतं. देव हलवायला गाव ताशा घेऊन आलं.

काल्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला उकरून काढलं. पालखी सजवलेली होती. तेवढ्यात बानाबाई धावत आली आणि तिनं मला मिठी मारली.

"हात लावू नका! ह्यो देव न्हाई! ह्यो हद्दीचा दगड हाय. शेंदूर म्या लावलाय, माझ्या ह्या हातानं!"

ताशा थांबला.

"काय म्हणालीस?" कडूबा पाटील पुढं आले. "तीन साल माझ्या नातीला ह्याच्याच पायावर घालतोय म्या. देव न्हाई?"

"फुली बघा ह्याच्या माथ्यावर. खरवडून बघा, पाटील, पाया पडते."

"देवाला खरवडू?" पाटलांचा आवाज चढला. "रांडमुंड बाईनं देवाला मिठी मारली, वर देव न्हाई म्हणती!"

बायकांनी तिला ओढलं. कोणी केस धरले. मुंजाबा मधे पडला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "सोडा, सोडा. वैनीचं डोकं ठिकाणावर नसतं. नाक घासतील, देव माफ करील. व्हय ना वैनी?"

त्यांनी तिची मान माझ्यावर वाकवली. मी खडबडीत आहे, मित्रांनो. आगीतून निघताना माझ्या अंगात वाफेचे बुडबुडे राहिले, त्यांची भोकं अजून धारदार आहेत. तिचं नाक तीनदा माझ्यावर घासलं गेलं. तिच्या तोंडाला लागलेला शेंदूर कुठला आणि रक्त कुठलं, हे मलाही कळलं नाही. मला मऊ होता आलं नाही. ती उठली आणि तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. लोक म्हणाले, "बघा, उतरलं वारं."

मग मला विहिरीच्या पलीकडं नेऊन बसवलं आणि लगेच काल्याचं कीर्तन उभं राहिलं. महाराज पैठणकडचे, सात्त्विक माणूस. झाला प्रकार त्यांच्या कानावर गेलाच नव्हता. टाळ-मृदंग असा लागला की माझ्या पोटातला दगड हलला. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण त्या घटकेला मी बानाबाईला विसरलो. नाम असं गोड असतं. शेवटी महाराजांनी प्रेमानं माझ्याकडं हात केला आणि म्हणाले, "मायबापहो, आज देव आपल्या मूळ जागी आला!"

कीर्तनात बोलायची एक लकब, एवढंच होतं ते. पण तेच वाक्य तिला भोवलं.

पुढच्या उन्हाळ्यात पटवारी एकदाचा आला. ऊन मी म्हणत होतं. साखळीची पेटी त्यानं गाडीतून खाली काढलीसुद्धा नाही. लिंबाच्या सावलीत, माझ्याच ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "हद्द कुठवर?"

"हितवर, साहेब," मुंजाबा म्हणाला. "जुना हद्दीचा दगड ह्योच. शेंदरावर नका जाऊ, माथ्यावर फुली हाय." आणि ज्या हातांनी मला ओवाळलं होतं त्याच हातांनी त्यानं माझा माथा खरवडून दाखवला.

"पण हा इथं आणून बसवला ना मागच्या साली?"

"मूळ जागी आला, साहेब. नांगरानं सरकत सरकत तिकडं गेला व्हता. महाराजांनी भर कीर्तनात सांगितलं. विचारा पंचांना."

पटवाऱ्यानं पाटलांकडं बघितलं. कडूबा पाटलांनी माझ्या माथ्यावरची फुली बघितली. बराच वेळ बघितली. ती फुली खरी, तर बानाबाई खरी. आणि बानाबाई खरी, तर तिचं नाक घासायला लावणारं सगळं गाव खोटं. पाटलांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"महाराज म्हणले खरं तसं," ते म्हणाले.

पाच जणांनी अंगठे उठवले. विहीर मुंजाबाची झाली. त्रिंबकाचं रक्त प्यालेली विहीर, साखळी न उघडता.

आता तिथं ऊस उभा आहे. बानाबाईचं रान वाळून गेलं. ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते आणि सकाळी प्यायच्या पाण्यासाठी घागर घेऊन इथं येते. मुंजाबानं नियम केला आहे, आधी देवाला पाणी घाला, मग आपली घागर भरा. ती मुकाट्यानं माझ्यावर पाणी ओतते. पूर्वी बोलायची माझ्याशी. आता बोलत नाही.

मित्रांनो, आग निर्दय होती, पण तिला डोळे नव्हते. खंडं फाटली ती कोणाचा घास काढून घ्यायला नव्हे. माणसांना डोळे आहेत, आणि त्यांनी माझा माथा दोनदा बघितला, एकदा झाकून आणि एकदा उघडून. माझी विनंती एवढीच आहे. बांधावर कुठं शेंदूर लावलेला दगड दिसला तर खुशाल हात जोडा, मी नको म्हणत नाही. देव सगळीकडं आहे. पण कोणी बाई येऊन ओरडली की हा देव नाही, हद्द आहे, तर तिचा गळा धरू नका. आधी साखळी आणा. मला मोजा. मग नारळ फोडा.

आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी मोजणीदार झालं, तर पडेगावला लवकर या. मला काही घाई नाही. मी अजून कोटी वर्षं इथंच असेन, सरकत, शेंदूर लेवून. पण बानाबाईला सत्तरावं लागलं आहे, आणि आज सकाळी भरलेली घागर तिला एका दमात उचलता आली नाही.