वीस तारांचा प्लग

क्षिप्रानं दिल्लीतल्या मुनिरक्यात टायपिंगचं केंद्र उघडलं तेव्हा तिच्याकडे एकच कॉम्प्युटर होता. गुडगावातल्या एका परदेशी कंपनीनं ऑफिस गुंडाळलं, तिथून तो तिच्या नवऱ्यानं, साकेतनं, आणला होता. जुना, पण ब्रँडचा. ती रोज द्वारकेहून बसनं यायची आणि आसपास खोल्या घेऊन राहणाऱ्या मराठी मुलामुलींचे प्रबंध टाइप करून द्यायची. २००१च्या जुलैत परभणीच्या अश्लेषाचा एम.फिल.चा प्रबंध हातात होता. सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता.

शुक्रवारी सकाळी तिनं बटण दाबलं तर कॉम्प्युटर ढिम्म. आतला पंखासुद्धा हलेना.

सासरे गुलाबराव त्या दिवशी सोबत आले होते. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं त्यांनी तारा जोडल्या होत्या. निवृत्त झाल्यावर अमरावतीचं घर बंद करून ते मुलाकडे आले, आणि इथं त्यांना करायला काहीच उरलं नव्हतं. त्यांनी उत्साहानं कॉम्प्युटरची पेटी उघडली, मीटर लावला.

"वीज देणारा डबा, पॉवर सप्लाय गेलाय, बाकी काही नाही. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून नवा आण, मी बसवतो."

क्षिप्रा तासाभरात नवा सप्लाय घेऊन आली. तो त्यांच्या हाती देऊन ती शेजारी झेरॉक्स काढायला गेली. परतली तेव्हा खोलीभर जळका वास होता आणि गुलाबराव पेटीपासून दोन हात लांब उभे होते.

"काय झालं, बाबा?"

"सुरू केला आणि चट्‌ झालं. सप्लायच खराब दिला असेल," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

क्षिप्रानं पेटी उचलून रिक्षात घातली आणि सासऱ्यांना घेऊन ती तडक दुकानात गेली. दिल्लीतल्या दोन वर्षांत तिची हिंदी चांगलीच धारदार झाली होती. दुकानदार खुराना मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. मग त्यानं सप्लाय मीटरवर तपासून दाखवला. सगळे आकडे बरोबर होते; जळालं होतं ते पेटीतलं मुख्य बोर्ड.

"सप्लाय ठीक है, मैडम. फिर भी बदल देता हूँ. बोर्ड का मैं कुछ नहीं कर सकता."

"बोर्ड भी आपको ही देना पड़ेगा!"

आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली होती. खुराना कपाळ चोळू लागला.

"क्षिप्रा, थांब," गुलाबराव म्हणाले. मग खुरानाकडे वळून अडखळत हिंदीत बोलले, "गलती इनकी नहीं है. पुराने प्लग के रंग और नए के रंग अलग थे. मैंने देखा था."

क्षिप्रा त्यांच्याकडे वळली.

"दोन्ही सप्लायचे बोर्डात जाणारे प्लग शेजारी धरले होते मी," ते मराठीत म्हणाले. "वीसच तारा, आकारही तोच. पण रंगांचा क्रम वेगळा. नीट बसतोय म्हणजे चालेल, असं धरून चाललो. तुला हाक मारायला हवी होती."

"मग मला इथं भांडू का दिलंत?"

"भ्यालो."

क्षिप्राला रागही आला होता, आणि ज्याला इतकं बोललो तो समोर उभा होता याची लाजही वाटत होती. "सॉरी, खुरानाजी," एवढंच ती म्हणाली.

"होता है," खुराना म्हणाला. काही कंपन्या प्लग बाजारातलाच वापरतात, पण आतल्या तारा आपल्या क्रमानं लावतात. म्हणजे सप्लाय त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. असं जळलेलं बोर्ड त्याच्याकडे अधूनमधून येतच असे. हार्ड डिस्कच्या तारा मात्र सगळीकडे सारख्याच, असं म्हणत त्यानं ती काढून स्वतःच्या मशीनला लावली. अश्लेषाची पाचही प्रकरणं पडद्यावर आली. क्षिप्रा तिथल्याच स्टुलावर बसून एकेक पान तपासू लागली.

कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचं बोर्ड बाजारात नव्हतं. साधं बोर्ड घेतलं, तर त्याची मागची सॉकेटं पेटीच्या पत्र्यातल्या खाचांशी जुळेनात आणि दोन स्क्रूंची भोकंही चुकली. शनिवारभर गुलाबराव कानशीनं पत्रा घासत बसले. आधी कागदावर बोर्डाचा ठसा काढला, पेन्सिलनं खुणा केल्या आणि प्रत्येक खूण क्षिप्राला दाखवली. ती "हं" म्हणायची, त्यापलीकडे बोलत नव्हती. रविवारी दुपारी विंडोज सुरू झालं आणि रात्री आठपर्यंत प्रिंट निघाले. सोमवारी अश्लेषानं प्रबंध दिला. तिला यातलं काहीच कळलं नाही.

साकेतला मात्र गुलाबरावांनीच सांगितलं, जेवताना. भ्यालो हेही सांगितलं. साकेत हसला. क्षिप्रा हसली नाही, पण तिनं त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या आठवड्यात एक विद्यार्थी स्वतःचा बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आला. "इथं दुरुस्त होतो का?" त्यानं विचारलं.

क्षिप्रानं सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा बघतील," ती म्हणाली, आणि आपली खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.