ढोलेमाळच्या उबेचा प्रश्न

मी एक जुना प्रश्न आहे, मित्रांनो. तुमच्या परीक्षेतला नव्हे. मी विधानसभेतला तारांकित प्रश्न. जुना म्हणजे फार वर्षांचा असंही नाही, गेल्या दिवाळीनंतरचाच आहे. पण आमच्यात ज्याला उत्तर मिळालं तो त्याच दिवशी जुना होतो.

माझ्या क्रमांकाला एक बारीक चांदणी जोडलेली आहे. चांदणी असलेल्या प्रश्नाचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून, तोंडानं द्यायचं. ते पटलं नाही तर आमदारांनी तिथल्या तिथे उपप्रश्न विचारायचे. बिनचांदणीच्या प्रश्नांना नुसतं लेखी उत्तर मिळतं. त्यामुळे आम्हा चांदणीवाल्यांना थोडा तोरा असतो. मलाही होता. लहान होतो ना.

माझा जन्म कागदावर झाला असं कोणी सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नका. मी जन्मलो कवठे महांकाळच्या पूर्वेला, ढोलेमाळ नावाच्या गावातल्या आरोग्य केंद्रात, धोंडुबाईंच्या तोंडून. धोंडुबाईंचं घर पिढ्यानपिढ्या मेंढरांमागे हिंडलेलं. आता थोडी शेती आहे, थोडी मेंढरं आहेत, मुलगा बिरदेव आहे, सून सोनिया आहे. एक नातूही होता.

त्याचं सांगितल्याशिवाय माझं सांगता येत नाही. ढोलेमाळच्या केंद्रात नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं एक यंत्र आहे. सगळे त्याला वॉर्मर म्हणतात. खाली इवलीशी गादी आणि वर तापणारी कांडी. मोठ्या माणसाला थंडी वाजली तर तो चादर ओढून घेतो. बाळाला तेही येत नाही. वजन कमी असेल तर अंगातली ऊब अशी निघून जाते की बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. म्हणून तर तुमच्या आया तुम्ही तान्हे असताना झोपेतसुद्धा तुमच्या तळपायांना हात लावून बघत होत्या. गार तर नाही ना पडले?

मागच्या हिवाळ्यात सोनियाला मुलगा झाला. दिवस भरायच्या आधी झाला, म्हणून अगदी लहान होता. नर्स शिवांजली यांनी वॉर्मर लावला. त्याचा हिरवा दिवा लागला, पण कांडी काही तापेना. मग त्यांनी बाळ सोनियाच्या छातीशी बांधलं, वरून घोंगडं घातलं आणि जीपनं मिरजेला पाठवलं. शिरढोण गेलं, पुढची गावं गेली. जीप मिरजेला पोचली. बाळ पोचलं नाही.

आता सोनियाला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपण पुन्हा थंडीतच, पौषात येणार होतं. तपासणीला सुनेला घेऊन आलेल्या धोंडुबाई त्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या.

"सिस्टर, ती कांडी तापती का आता?"

"नाही हो आज्जी. वर कळवून कळवून दमले मी."

"मग इचारायचं कुणाला?"

हा माझा पहिला श्वास, मित्रांनो. एवढ्या तीन शब्दांचा होतो मी.

शिवांजलींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमदारांकडे जा. ते थेट मंत्र्यांना विचारू शकतात. पण आज्जी, माझं नाव तेवढं घेऊ नका. मी कंत्राटी आहे."

आमदारांच्या कार्यालयात त्यांचे स्वीय सहायक रविराज बसलेले होते. समोर माणसांची रांग होती. धोंडुबाईंकडे न बघताच ते म्हणाले, "बोला आज्जी. पेन्शनचं ना?"

"पेन्शन न्हाई रं बाबा. कांडी तापत न्हाई."

"कसली कांडी? गॅसची?"

रांगेतली माणसं हसली. धोंडुबाईंनी पदर सारखा केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दिवा लागतो ते सांगितलं, घोंगड्याचं सांगितलं, जीपचं सांगितलं. रांगेतलं हसू थांबलं. रविराज भले माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि मला कागदावर उतरवलं. उतरवताना माझं बरंच काही बदललं. 'नातू गेला' याचं झालं 'नवजात बालकांची गैरसोय'. आणि शेवटी आलं, 'हे खरे आहे काय?' त्याखाली आणखी दोन शेपट्या: असल्यास, यंत्र केव्हा दुरुस्त करणार? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

वाचून दाखवल्यावर धोंडुबाई म्हणाल्या, "आवं, म्या सांगतीय की खरं हाय म्हनून. मग 'खरं हाय का' कशाला पुसताय?"

"तिथली रीतच तशी आहे आज्जी. आपण सांगायचं नसतं, विचारायचं असतं. मग त्यांनाच म्हणावं लागतं, खरं आहे."

"आन न्हाई म्हनले तर?"

"मग साहेब आहेतच की, उपप्रश्न टाकायला!"

माझे कौतुकाचे दिवस तेव्हा सुरू झाले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी हजारो प्रश्न गेले होते. त्यांतून मी स्वीकारला गेलो आणि सोडतीत माझा क्रमांक बराच वर लागला. गावात फोनवर चित्र फिरलं: आमदार हात उंचावून उभे आणि खाली लाल अक्षरात 'ढोलेमाळचा प्रश्न विधानसभेत गाजणार'. बिरदेवनं ते सगळ्या पाहुण्यांना पाठवलं. पारावर एक जण त्याला म्हणाला, "बिरदेवा, तुझी आई आमदारापेक्षा भारी निघाली की रं! थेट मंत्र्यालाच धरलं." दुसरा म्हणाला, "म्हातारीलाच तिकीट देऊया पुढच्या येळंला." धोंडुबाई लाजल्या. सोनिया मात्र हसली नाही. पोटावर हात ठेवून तिनं एवढंच विचारलं, "तोवर कांडी बसंल ना?"

तुम्हाला वाटत असेल, प्रश्न मंत्र्यांकडे गेला की ते विचार करत बसतात, माणूस पाठवून बघून घेतात. मलाही तसंच वाटायचं. पण मंत्र्यांकडे ढोलेमाळचं उत्तर कुठून असणार? त्यांनी मला खात्याकडे पाठवलं. खात्यानं पुण्याच्या कार्यालयात ढकललं. तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. उतरताना प्रत्येक टेबलावर माझ्या कपाळावर एक शिक्का वाढत होता. तातडीचे. अति तातडीचे. आजच. मला वाटायचं, केवढी ही माझी काळजी! काळजी उत्तर वेळेत जाण्याची होती, मित्रांनो. यंत्राबद्दल त्या वाटेवर कुणी एक अक्षर विचारलं नाही.

आणि शेवटी मी जिथे येऊन पडलो ती जागा मी लगेच ओळखली. समोर तीच कांडी होती आणि टेबलामागे शिवांजली बसल्या होत्या. केंद्रातली डॉक्टरांची जागा रिकामी होती, त्यामुळे माहिती द्यायला दुसरं कुणी नव्हतं. ज्यांनी मला वाट दाखवली त्यांनीच आता माझं उत्तर लिहायचं होतं.

मी सुटलोच म्हणून समजा, असं मला वाटलं. यांच्याइतकं खरं कोणाला ठाऊक?

तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. "शिवांजली, तुमच्याकडचा एलएक्यू आलाय." आम्हा विधानसभेतल्या प्रश्नांना कचेऱ्यांमध्ये याच नावानं हाक मारतात. "दुपारपर्यंत माहिती द्या."

"सर, खरं आहे ते. वॉर्मर तापतच नाही."

"दिवा लागतो ना?"

"दिवा लागतो, सर."

"मग चालू आहे की. दिवा लावून फोटो काढा आणि पाठवून द्या."

"पण सर, बाळाला दिव्याचा काय उपयोग?"

साहेब ओरडले नाहीत. उलट आवाज मऊ केला. "हे बघा, खरं आहे असं लिहिलं की पुढचा प्रश्न येतो, जबाबदार कोण? माझ्याकडून कागद वर जाताना तिथे कुणाचं नाव असेल? तुमची ऑर्डर मार्चमध्ये संपतीय. पोरगी लहान आहे तुमची. मी आपलं घरचा माणूस म्हणून सांगतोय."

फोन ठेवल्यावर शिवांजलींनी मला बाजूला सारलं. मग उठल्या. गादीवर धुतलेली चादर घातली, बटण दाबलं आणि फोटो काढला. दिवा फोटोत फार छान आला. मग त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'यंत्र कार्यान्वित आहे.' तालुक्यानं त्यावर सही केली, जिल्ह्यानं केली, आणि मी आलो त्याच वाटेनं वर गेलो. वाटेतलं कोणतंही टेबल त्या दिव्यापलीकडे गेलं नाही.

अधिवेशनात माझा दिवस उजाडला. छापील उत्तर सकाळी आमदारांच्या हातात पडलं. त्यांनी लगेच रविराजना फोन केला, रविराजनी धोंडुबाईंना.

"आज्जी, ते म्हणतायत यंत्र चालू आहे!"

"आवं दिवा लागतोय नुसता! ऊब न्हाई! साहेबास्नी म्हनावं, उबंचं इचारा."

ते शब्द नागपूरला पोचले. आमदारांनी माझ्या शेजारी पेन्सिलीनं लिहून घेतलं: 'दिवा लागतो, पण ऊब मिळते काय?' तो माझा उपप्रश्न, माझा धाकटा भाऊच म्हणा ना. त्याला एकदा सभागृहात बोलू दिलं असतं तर मंत्र्यांना 'तपासून घेतो' एवढं तरी म्हणावं लागलं असतं.

ढोलेमाळला बिरदेवनं मोबाइल पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवला होता. सोनिया पाय पसरून बसली होती, धोंडुबाई पडद्याला नाक लावून. माझ्या आधीचा प्रश्न चालू झाला. आमदार कागद हातात घेऊन सावरून बसले. आणि कुठल्याशा दुसऱ्याच विषयावरून गोंधळ उठला. सदस्य अध्यक्षांच्या आसनासमोर धावले, घोषणा सुरू झाल्या. आमचे आमदार जागेवर उभे राहून हात वर करत होते. त्यांच्या तोंडाची हालचाल दिसत होती, आवाज ऐकू येत नव्हता. कामकाज थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा प्रश्नोत्तरांचा तास संपला होता. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवण्यात आली, म्हणजे तोंडानं न देता नुसती छापील दाखल झाली.

"काय झालं रं? आपला लंबर?"

"तास संपला, आयं."

"मग उद्या?"

"उद्या दुसरे परश्न असत्यात."

पटलावर ठेवलेलं माझं उत्तर असं होतं: 'हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.' माझी चांदणी तशीच राहिली. माझा धाकटा भाऊ आमदारांच्या हातातल्या कागदाबरोबर कचऱ्याच्या टोपलीत गेला.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई केंद्रात गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण उत्तर इथूनच गेलं असणार हे त्यांना उमगलं होतं. शिवांजली रजिस्टरमध्ये मान घालून बसल्या होत्या.

"सिस्टर, तुमचं नाव म्या कुटं बी घेतलं न्हाई बरं का."

शिवांजलींनी रजिस्टर मिटलं. डोळे पुसून म्हणाल्या, "आज्जी, सोनियाला आधीच मिरजेला नेऊन ठेवा."

"ठेवू कुटं? तिकडं आमचं कोन हाय? आन दिस भरल्याबिगर दवाखान्यात घेत न्हाईत, पुसून आलाय बिरदेव." मग त्यांनीच शिवांजलींच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगा. तुमाला बी लेकरू हाय."

तिथून त्या पुन्हा रविराजकडे गेल्या. "परत इचारा की रं."

"आज्जी, याच विषयावर उत्तर आलंय. तोच प्रश्न लगेच पुन्हा घेत नाहीत."

"आरं पर खोटं हाय ते!"

रविराजनी डोळे मिटले. "खोटं असलं तरी आलंय, आज्जी."

धोंडुबाई आता कुणाला काही विचारत नाहीत. पारावरही कुणी माझा विषय काढत नाही. मी सरकारी संकेतस्थळावर शेकडो पानांच्या एका फाइलमध्ये आहे. ढोलेमाळच्या वॉर्मरबद्दल उद्या कुणी शोधलं तर त्याला मीच सापडेन आणि यंत्र चालू आहे असंच त्याला वाटेल.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी आमदार होईल, कोणी साहेब, कोणी नर्स. तुम्ही प्रश्न विचारालच, याची मला काळजी नाही. प्रश्न सगळेच विचारतात. पण प्रश्नाला जन्म दिलात तर त्याला उत्तराच्या हवाली करून घरी जाऊ नका. ते उत्तर कुणी लिहिलं, कुणाला भिऊन लिहिलं, ते बघा. आणि ज्यानं खरं सांगितलं त्याच्या पाठीशी उभं राहा, नाहीतर पुढच्या वेळी तोही दिव्याचाच फोटो पाठवेल. माझं ऐकून फार काही बदलेल अशी आशा मला नाही. तरी सांगतो.

माळावर थंडी वाढली आहे. शिवांजलींनी स्वतःच्या घरून रबरी पिशव्या आणून ठेवल्या आहेत, गरम पाणी भरायला. बिरदेवनं जीपवाल्या जोतीरामला गावाबाहेर जाऊ नकोस म्हणून बजावलं आहे. सोनिया दिवसातून अनेकदा बाळ हलतंय का ते बघते.

तिला नववा लागला आहे. मी निकाली निघालो आहे.