शुक्रवारची साक्ष

सोमवारी सकाळी केस विंचरताना एल्स्पेथच्या बोटांना मानेखाली, हासळीच्या हाडाच्या जरा वर गाठ लागली. वाटाण्याएवढी असेल. तिने फणी खाली ठेवली आणि पुन्हा चाचपून पाहिलं. गाठ होतीच. मग ती पलंगावर बसूनच राहिली. तळमजल्यावर सप्ताहाची पहिली प्रार्थना सुरू झाली, तरी तिच्याने उठवेना.

ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाचा हा सप्ताह दर फेब्रुवारीत भरतो, समुद्रावरून धुकं आत येऊन अख्ख्या विद्यापीठाला सर्दी झालेली असते तेव्हा. दुपारी व्याख्यान नाहीतर नास्तिकांशी जाहीर वादविवाद, सोबत मसुराचं सूप फुकट. त्यामुळे देव न मानणारेही येतात, दोन वाट्या ओरपतात आणि तावातावाने भांडून जातात. संध्याकाळी उपासना, आणि प्रवचनाआधी एका विद्यार्थ्याची साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. साक्षीची घडण सगळ्यांना पाठ असते. आधी अंधार, मग ‘पण’, मग प्रकाश. तो ‘पण’ आला की सभागृह सुटकेचा श्वास टाकतं.

शुक्रवारची साक्ष सगळ्यात मोठी, आणि यंदा ती एल्स्पेथची होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिला लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला होता. गावातल्या चॅपलने तिच्यासाठी रात्री जागवल्या, इस्पितळाने अर्धं वर्ष सलाइनमधून औषधं चढवली, केस गेले, केस आले, ती बरी झाली. दोन्ही खरं होतं. पण एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगता सांगता सलाइन कुठेतरी गळून पडली. यंदाच्या पोस्टरवर तिच्या हसऱ्या फोटोखाली चक्क लिहिलं होतं, ‘डॉक्टरांनी हात टेकले. देवाने नाही.’ ते वाचून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण सगळे इतके खुशीत होते, की तोंड उघडायचा तिला धीर झाला नाही.

ती रुआरीकडे गेली. तो मंडळाचा अध्यक्ष, वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला. एरवी कुणी दोनदा खोकलं तरी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेणारा मुलगा. पण सप्ताहाची गोष्ट वेगळी. सप्ताहात जे बिघडेल ते सैतानाने बिघडवलेलं, असं मंडळात मानतात. प्रोजेक्टर बंद पडला, सूप करपलं, गाणाऱ्या मुलीचा घसा बसला, सगळी त्याचीच करणी. हे हसत हसत बोलायची रीत आहे, पण मनातून मानतात सगळेच.

“आज सकाळी लागली?” रुआरीने विचारलं. “बघ म्हणजे. इतके दिवस काही नाही, आणि नेमकी आजच.”

“दवाखान्यात जाऊ का मी?”

“जा ना. शनिवारी जा, मी येतो बरोबर. आत्ता गेलीस तर तपासण्या, वाट बघणं, आठवडाभर नुसती घाबरून राहशील. त्याला तेच हवंय.”

‘त्याला’ म्हणजे कुणाला, हे विचारायची तिला गरज नव्हती. रुआरीने तिच्या मानेवर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. प्रार्थना त्याची छानच असायची, शब्द कसे ओघाने येत. या वेळी मध्येच तो अडखळला आणि घाईने आमेन म्हणून मोकळा झाला. त्याचं मन भरून आलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

पुढचे दिवस तिने सूप वाटलं, खुर्च्या लावल्या, आणि येता-जाता बोट मानेकडे नेलं. दुखत नव्हती गाठ. दुखली असती तर बरं, दुखणारी गाठ बहुधा साधी असते, हे तिला मागच्या खेपेपासून माहीत होतं. मागच्या खेपेला घामही यायचा झोपेत, कपडे पिळून काढावेत इतका. म्हणून रोज जाग आली की ती आधी चादर चाचपायची. मंगळवारी कोरडी. बुधवारीही कोरडी. गुरुवारी चादर ओली होती.

त्या दुपारी वादविवादाचा विषय होता, जगात एवढं दुःख असताना देव आहे कसा म्हणायचं. तिच्या कानात त्यातलं अक्षर शिरलं नाही. मरणाची भीती तर होतीच, तिच्या जोडीला आता आणखी एक भीती येऊन बसली होती. दिलेलं आयुष्य देवाने परत मागितलं, की मुळात दिलंच नव्हतं? तेवढ्यात आईचा फोन आला. उद्या बाबा मासेमारीची बोट समुद्रात काढणार नाहीत, चॅपलची सगळी मंडळी व्हॅन करून साक्षीला येताहेत, म्हणाली. आईचा आवाज इतका हरखलेला होता, की एल्स्पेथ हो हो करत राहिली.

शुक्रवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आईबाबा दुसऱ्या रांगेत, रविवारच्या कपड्यांत. लंडनहून आलेल्या प्रवचनकार ब्रॅकेनसाहेबांनी कौतुकाने तिचं नाव घेतलं आणि ती माइकपाशी गेली. लिहून आणलेला कागद तिने उलगडलाच नाही.

“माझ्या डॉक्टरांनी हात टेकले नव्हते,” ती म्हणाली. “त्यांनी मला औषधं दिली. तुम्ही प्रार्थना केल्यात. दोन्ही झालं. सोमवारी मला पुन्हा गाठ लागलीय. मला फार भीती वाटतेय.”

सभागृह पुढे झुकलं. अंधार झाला होता, आता ‘पण’ यायचा होता. काहींच्या चेहऱ्यावर हसू आधीच उमटू लागलं होतं. ते हसू स्वतःच्या हाताने पुसून टाकावं असं एल्स्पेथला वाटलं. सांगायला तिच्यापाशी पुढे काहीच नव्हतं. ती माइकपासून मागे सरली.

ब्रॅकेनसाहेब मनाने भला माणूस, पण बोलण्यात मुरलेला. रिकामी जागा त्यांना सोसवेना. ते चटकन माइकपाशी आले. “पण आज, याच ठिकाणी,” ते म्हणाले, आणि सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला. माणसं उभी राहिली. शेकडो हात तिच्या दिशेने उचलले गेले, गाणं सुरू झालं. आता हे आपल्याला इथून जाऊच देणार नाहीत, असं तिला वाटलं.

तेवढ्यात रुआरी मंचावर चढला. लोकांना वाटलं, प्रार्थनेलाच आला. त्याच्या हातात तिचा कोट होता.

“घाल हा. तातडीच्या विभागात आज आमचे सर आहेत, त्यांना फोन केलाय.” त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “मला सोमवारीच कळलं होतं, एल्स्पेथ. हात ठेवला तेव्हाच. आजूबाजूला आणखी तीन-चार गाठी आहेत. बोटांना कळलं, आणि मी प्रार्थना करत राहिलो.”

“आणि मला सूप वाटायला लावलंस.”

त्याने तिचा हात धरला. त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, आणि त्याने आपला हात सोडू नये असंही वाटलं. कोटाच्या बाहीत तिचा हात शिरेना, तो त्याने शिरवला.

आई गर्दीतून वाट काढत मंचापाशी आली होती. तिचेही हात वर होते. लेकीच्या अंगावर कोट बघून ते खाली आले.

“आई, आत्ता प्रार्थना नको,” एल्स्पेथ म्हणाली. “बाबांना व्हॅन काढायला सांग.”

आईने एकदा लेकीकडे पाहिलं, मग रुआरीकडे.

“उशीर झालाय का रे?”

मागे गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं होतं. रुआरीने पुढे होऊन बाजूचं दार ढकललं, आणि त्या दोघी बाहेर पडेपर्यंत ते धरून ठेवलं.