सासूची मूठ

युएछिनने कापूस भरलेलं जाकीट काढून दिराच्या हातात दिलं, कपाळावरचा दिवा घट्ट केला आणि ती खडकावर पालथी पडली. समोर फट होती. आत शिरलेल्या माणसाला कूस बदलता येणार नाही, एवढीच तिची उंची. फटीच्या एका कडेने पाण्याचा काळा पाइप आतून बाहेर येत होता आणि बाहेर आल्यावर गुहेच्या भिंतीने खाली वाडीकडे जात होता.

"वहिनी, बिस्किटं खिशात नाहीत ना? चुरा होईल," क्वांगफू म्हणाला.

"जाकिटात आहेत. तुमच्यासाठीच ठेवलीत. तोंड चालू राहू दे."

"तोंड चालवायलाच तर बसलोय."

खोटं नव्हतं ते. या फटीला वाडीत सासूची मूठ म्हणत, कारण आवळली की सुटत नाही. आत एकाने जायचं आणि दुसऱ्याने बाहेर बसून बोलत राहायचं, अशी आजे-पणज्यांपासूनची रीत होती. काय बोलायचं ते महत्त्वाचं नाही. आत दिवा विझला तर आवाजाच्या रोखाने परत यायचं असतं. बाहेर बोलणारं कोणी नसेल, तर घरात घोटभर पाणी नसलं तरी आत जायचं नाही.

दक्षिण चीनमधल्या क्वेइचौच्या या डोंगरात पाऊस काही कमी पडत नाही. पडतो आणि जमिनीच्या भोकांतून खाली पळून जातो. म्हणून वाडीतल्या पुरुषांनी कधीकाळी मुठीपलीकडच्या डोहाला पाइप लावून पाणी दारात आणलं होतं. पुढे पोरं दूर क्वांगतुंगच्या कारखान्यांत गेली, घरंच्या घरं पायथ्याच्या नव्या इमारतींत उतरली, आणि वर राहिली ही दोघं. थोरल्या भावाची विधवा आणि धाकटा भाऊ. शेजारशेजारची दोन घरं, दोन चुली आणि एक डुक्कर. गेल्या आठवड्यात त्यांचा नळ बंद पडला.

"डोह आटला असेल तर मी यिंगकडे उतरतो," क्वांगफूने काल सांगून टाकलं होतं. "आटला नसेल, तर मला कोणी हलवायचं नाही. डुकराकडे कोण बघणार?"

डुक्कर युएछिनचं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

यिंग त्याची मुलगी. तिने परवा युएछिनला फोन केला होता. "काकू, तुम्हीच समजवा बाबांना. डॉक्टर म्हणतात, ही छाती घेऊन वरचा हिवाळा निघायचा नाही." कोळशाच्या खाणीतली सगळी वर्षं त्या छातीत साठली होती. "तुझा बाप माझं ऐकतो होय?" असं म्हणून युएछिनने फोन ठेवला, आणि ठेवल्यावर तिला हायसं वाटलं. त्याची लाज वाटायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

तिने उजवा हात पुढे टाकला, डावा अंगालगत ठेवला, मान वळवून गाल दगडाला लावला आणि पायाच्या बोटांनी रेटा दिला. सून म्हणून आली तेव्हा ती या फटीतून सहज सुळकन जायची. मग मुलं झाली, कंबर सुटली आणि आत जाणं थांबलं. म्हातारपणाने बाकी काही दिलं नसलं तरी कंबर तेवढी परत दिली होती.

"कुठवर पोचलात?" मागून आवाज आला.

"पोचले असते तर गप्प बसले असते का?"

नेहमीची वाट पाइपच्या बाजूने जायची. तिथे या वर्षीच्या पुराने वाळू-गोटे आणून भरले होते. तिने पुढच्या हाताने थोडे उकरले, तेवढेच वरून घसरले. खांदा अडकला. तिने श्वास घेतला, तर पाठ छताला टेकली आणि खालून छाती दबली. इथे श्वास घेणं म्हणजे अडकणं. श्वास सोडायचा, आणि छाती रिकामी असते तेवढ्यात बोटभर पुढे सरकायचं.

"दादा अडकला होता ते आठवतं का?" क्वांगफू बोलत होता. "बायको बाळंत झालीय, आता मीच जातो म्हणून शिरला. अर्धा आत, अर्धा बाहेर. शेवटी डुकराची चरबी चोळली ढुंगणाला आणि चौघांनी पाय धरून ओढला. महिनाभर कुत्री मागे लागायची त्याच्या."

"भावजी, हसवू नका. हसले की छाती भरते."

"बरं. मग रडवू का?"

ती मागे सरकली. हाताने छत चाचपलं. डावीकडे दगडात पाण्याने खोदलेली पन्हळ होती, खांदा जेमतेम मावेल एवढी. पण ती वर होती, आणि तिच्यात शिरायचं तर कुशीवर व्हायला हवं होतं. तिने सगळा श्वास सोडून दिला, आणखी सोडला, पोट आत ओढलं आणि कुशीवर झाली. खांदा पन्हळीत बसला. मग नितंब. तिथे दगडाने तिला धरून ठेवलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने टाच मागच्या गोट्याला लावून रेटा दिला आणि पलीकडे गडगडली.

"झालं?" आवाज आता लांबून येत होता.

"झालं. बोलत राहा."

दिव्याच्या उजेडात डोह काठोकाठ भरलेला दिसला. पाणी इतकं निवळ होतं की आधी ते आहे हेच कळलं नाही. पाइपचं तोंड तेवढं पालापाचोळ्याने आणि गोट्यांनी बुजलं होतं. युएछिनने दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले आणि ओंजळी भरभरून घाण बाहेर काढली. शेवटचा लगदा निघाला तसा पाइपने गटकन घोट घेतला. तिला इतका आनंद झाला की हाक मारायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात पलीकडून खोकला आला. लांबलचक, मुळापासून उपटून काढणारा. तो थांबला, क्वांगफू म्हणाला, "तर दादा घरी आला..." आणि पुन्हा खोकू लागला. बोलायला दम उरला नव्हता, तरी तो बोलत होता. थांबला तर तिला दिशा कळणार नाही म्हणून.

हाच खोकला ती रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकायची. खरं सांगायचं तर तो ऐकू आला की तिला झोप लागायची. कोणीतरी आहे, एवढं त्याने कळायचं. या सोबतीसाठी ती एका माणसाला आणखी एक हिवाळा खोकत ठेवायला निघाली होती, आणि तो हिवाळा त्याला निघणार नव्हता.

पाइपच्या तोंडाशी तारेने बांधलेलं लाकडी बूच होतं. दुरुस्तीच्या वेळी पाणी अडवायला पुरुष ते वापरत. तिने ते धरलं. नळ कोरडा राहिला तर क्वांगफू यिंगकडे उतरेल. तो गेला की बाहेर बसून बोलणारं कोणी नाही. म्हणजे हे बूच काढायला तिला परत येता येणार नाही. म्हणजे तिचीही चूल विझली. मग मुलाच्या सातव्या मजल्यावरचं घर आणि सुनेच्या स्वयंपाकघरात एक कोपरा. तिला तिथे अजिबात जायचं नव्हतं. तिने बूच पाइपात घातलं आणि ते हलेनासं होईपर्यंत दगडाने ठोकलं.

थोडा वेळ ती डोहाकाठी बसून राहिली. इतकं एकटं तिला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान वाडी होती.

परतताना पन्हळीत तिला रडू फुटू लागलं आणि ती तिथेच गच्च अडकली. रडायलाही छाती भरून घ्यावी लागते, आणि इथे तेवढी जागा नव्हती.

"पाइप मघाशी गुरगुरला," क्वांगफूचा आवाज आता जवळ होता.

तिने श्वास सोडत सोडत उत्तर दिलं. "माझा पाय लागला."

"आणि ठोकत काय होतात?"

"गोटा काढत होते वाटेतला."

त्याने दिवा फटीत धरला. मग म्हणाला, "या इकडे. डोकं डावीकडे घ्या. मी आहे इथे."

ती आवाजाच्या मागे सरकत आली. आधी हात बाहेर आला, मग डोकं. क्वांगफूने काखेत हात घालून तिला ओढून घेतलं आणि बसती केली. दोघंही धापा टाकत होती.

"आहे?" त्याने विचारलं.

"नाही. कोरडा पडलाय. तळाचे दगड दिसतात."

क्वांगफूने मान हलवली. बिस्किटाचा पुडा त्याने फोडलाच नव्हता. तो त्याने जाकिटाच्या खिशात परत सरकवला.

"मग डुकराचं?"

"नव्या वर्षाला कापणारच होतो. आता आधी कापू. यिंगला अर्धं घेऊन जा."

"आणि तुम्ही?"

"मला काय, मुलगा कधीचा बोलावतोय."

तो जाकीट घेऊन पुढे झाला. तिने घालायला हात लांब केला, आणि तो थांबला. त्याच्या दिव्याचा उजेड तिच्या बाहीवर पडला होता. खांद्यापासून मनगटापर्यंत बाही ओलीगच्च झाली होती आणि कोपरातून थेंब ठिबकत होते. तिने हात मागे घेतला नाही. घेऊन उपयोगही नव्हता.

क्वांगफूने जाकीट खाली ठेवलं. बाहीचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि सावकाश पिळलं. निवळ पाण्याची धार खडकावर पडली आणि फटीत शिरून नाहीशी झाली. धार कुठे गेली ते त्याने वाकून पाहिलं.

"यिंगला आजच फोन करतो," तो म्हणाला. मग खोकला, खोकून झाल्यावर त्याने तोंड पुसलं. "ओल्यावर जाकीट घालू नका, वहिनी. तो दुसरा हात द्या इकडे."

तिने दुसरा हात पुढे केला.