सर्व्हे नंबर त्रेसष्टचा निवाडा

मी खोटं बोललो. सहसा बोलत नाही हो, पण बोललो, आणि तेही मोडी वाचताना.

अन्वी नॉटिंगहॅमला पीएचडी करते. जन्म इथलाच, परदेशातला. विषय काय, तर कंपनी सरकारने दख्खनमध्ये रयतेच्या जमिनी मोजून सारा कसा बसवला! इथल्या मराठी मंडळात कुणीतरी तिला सांगितलं, स्टॅनमोरच्या कमलाकरकाकांना, म्हणजे मला, मोडी येते. तरुणपणी पुण्याच्या कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये तीन वर्षं धूळ खाल्ली होती, ती अशी कामी आली. दर गुरुवारी ती ट्रेनने यायची, आर्काइव्हमधल्या कागदांचे फोटो लॅपटॉपवर मोठे करायची, मी वाचायचो. मध्येच विचारायची, "काका, हा रेघ कसला?" मी खेकसायचो, "ही रेघ कसली!" ती खो खो हसायची. माझी बायको सुहासिनी गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं.

शेवटचा अर्ज एका कुणब्याचा, सर्व्हे नंबर त्रेसष्टचा. मोजणीवाल्यांनी साखळी टाकली आणि त्याचं खडकाळ रान अव्वल काळी जमीन म्हणून लिहून टाकलं. सारा तिप्पट! साहेबांनी एकदा येऊन स्वतः कुदळ मारून पाहावी, एवढंच बिचाऱ्याचं मागणं. खाली तारीख आणि सहीऐवजी नांगराची निशाणी. संपलं.

"दॅट्स इट, काका. हा लास्ट होता," अन्वी लॅपटॉप मिटायला लागली.

मी लॅपटॉपवर हात ठेवला. "थांब, कोपऱ्यात बारीक काहीतरी आहे," मी म्हणालो. "निवाडा वेगळ्या कागदावर दिला आहे, असं लिहिलंय." कोपऱ्यात शाईचा डाग होता, दुसरं काही नाही.

पुढचे चार गुरुवार ती नवे फोटो शोधून आणत राहिली. निवाडा कशातच नव्हता. असणार कुठून, कपाळ! मी आपला पोहे करून वाट बघायचो. खूश होतो मी, लाज वाटते सांगायला.

पाचव्या गुरुवारी ती म्हणाली, "काका, मी सबमिशन पुढे ढकलतेय. फंडिंग संपेल, पण इट्स ओके. त्या माणसाला न्याय मिळाला का, ते कळलंच पाहिजे."

मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. सांगून टाकलं. "अगं, तिथे काही लिहिलेलं नाही. डाग आहे नुसता. तू येत राहावंस म्हणून बोललो."

डोळे भरून आले तिचे. "फोर वीक्स, काका! मी तुमच्यावर ट्रस्ट केला. मला नुसतं 'ये' म्हणायचं ना! मी आले असते."

खरं सांगतो, ते मला सुचलंच नव्हतं. कामाशिवाय कुणाला घरी बोलवायचं, ही सवयच गेली होती माझी.

तिने कोट चढवला, बॅग उचलली, खाली बघत बूट घातले. मी मागे उभा. पुढच्या गुरुवारी ये, एवढंच म्हणायचं होतं.

"दार नीट ओढून घे," मी म्हणालो, "थंडी आत येते."