पहिल्या खेळाची दृष्ट

पस्तीस वर्षं फुलसिंगनं रीळ चढवलं, आणि पस्तीस वर्षं त्याच्या हाताशिवाय टॉकीजात उजेड हलला नाही. खाली अख्खं यवतमाळ शिट्ट्या मारो, तीन मजली पडदा वाट पाहत ताटकळो. फुलसिंगनं दांडी ओढली तरच चित्र चालायचं.

आता रीळ नव्हतं, दांडीही नव्हती. एसीच्या गारठ्यात लेझरची पांढरी पेटी तेवढी बसली होती, मुकी. नागपूरची इंजिनिअर सुरभी जाताना बजावून गेली होती, "काका, भिंगासमोर तोंड नेऊ नका. हा जुना दिवा नाही, डोळा जाईल. आणि वेळ लावून ठेवलीय, बाराला खेळ आपोआप सुरू होईल."

पहिलं त्यानं मनात धरलं. दुसऱ्यावर नुसता हसला.

शुक्रवारी पावणेबाराला त्याची बायको धनीबाई दिवा-कुंकवाचं ताट घेऊन आली. नवं चित्र लागलं की यंत्राची दृष्ट काढायची, भिंगाच्या कडेला कुंकवाचं बोट लावायचं, हा तिचा नेम. कापडावर आरसे टाचून तिनं लेकी उजवल्या होत्या. साठीतही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची.

"समोर कायले उभी राह्यतं, धने? ते पोरगी नको म्हणे."

"चालू मशीनीसमोर नको म्हणे ना? हे तर झोपून हाये. तुमी हात लावल्याबिगर कधी उठलं काय?"

ते ऐकून फुलसिंगला बरं वाटलं. "बरं, आटप लवकर."

एसीच्या वाऱ्यानं वात दोनदा विझली. तिसऱ्यांदा पेटेस्तोवर दहा-बारा मिनिटं गेली. मग धनीबाई भिंगाशी वाकली, गुणगुणू लागली,

"उजेडाच्या लेकी, तुझी दृष्ट मी काढते,
लागली ज्याची नजर, त्याच्या दारी धाडते."

पेटीच्या पोटात घरघर उठली. फुलसिंगचा हात सवयीनं दांडीकडं गेला. तिथं भिंत होती.

टक् करून झडप उघडली. धनीबाईच्या चोळीवरच्या आरशांनी भिंतभर उजेडाचे तुकडे उधळले. खाली पडद्यावर ताट धरलेल्या बाईची तीन मजली सावली क्षणभर उभी राहिली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

फुलसिंगनं तिला मागं ओढून खाली बसवलं. ताट तिनं सांडू दिलं नव्हतं. ज्योत सरळ जळत होती.

"आवं," ती हळूच म्हणाली, "दिवा पुन्हा इझला काय?"