ताईंनाच द्या

निरोप समारंभ संध्याकाळी होता आणि साहेबांना उत्तर त्याच्या आत हवं होतं. उत्तर तसं सोपं होतं. 'नाही.' दोन अक्षरं. पण ती दोन अक्षरं ताईंना जन्मात कधी जमली नव्हती, आणि सगळी बोंब तिथंच होती.

ताई म्हणजे वजनकाट्यांच्या कंपनीतल्या ताई. दुकानात काट्यावर माल ठेवला की शेजारच्या यंत्रातून वजन छापलेलं लेबल बाहेर येतं ना, त्या काट्याच्या आणि लेबलाच्या मधला जो काही संगणकाचा कारभार असतो, तो ही कंपनी सांभाळायची. ताई तरुणपणी तिथं लागल्या त्या प्रोग्राम लिहायला. एकदा कुणीतरी रजेवर होतं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाचा फोन उचलला, आणि झालं, घात झाला! त्या इतक्या शांतपणे बोलल्या, की त्या गिऱ्हाइकानं ते दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तेव्हापासून कंपनीत कुणीही फोन उचलो, पलीकडून एकच वाक्य यायचं, "ताईंनाच द्या." पुढं मोबाईल आले तसा ताईंचा स्वतःचा नंबरच गावभर झाला.

मग काय विचारता! ताई भाचीच्या लग्नात उभ्या आहेत आणि फोनवर सांगतायत, "लेबलांचा रोल बाहेर काढा. आता उलटा करा. बसवा. आलं लेबल? हं, बघा." ताई दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसल्या आहेत आणि फोन वाजतोय. बरं, दहातल्या नऊ वेळा तक्रार तीच. रोल उलटा बसलेला. "इतकी वर्षं झाली, यांना अजून रोल सरळ बसवता येत नाही," असं ताई घरी कपाळावर हात मारून सांगायच्या, पण सांगताना आवाजात थोडा तोराही असायचा. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, असा.

ताईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की नेमकं बोट ठेवायचा. "अगं, तो वाजतो म्हणून तू उचलत नाहीस, तू उचलतेस म्हणून तो वाजतो," असं ते म्हणायचे. ताईंना ते पटायचं. पटूनही हात फोनकडे जायचाच. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

आणि आता सुटायची वेळ आली, तर साहेबांनी नवीनच खूळ काढलं. "ताई, रिटायर व्हा, खुशाल व्हा. फक्त तो फोन तेवढा दोन वर्षं चालू ठेवा. बसल्या जागी." हा 'फक्त' शब्द ज्यानं शोधून काढला त्याला एकदा भर चौकात उभं करायला हवं! जगातली सगळी ओझी याच शब्दाच्या पिशवीतून माणसाच्या खांद्यावर येतात. ताई म्हणाल्या, "उद्या सांगते." नाही म्हणायच्या ऐवजी त्या नेहमी हेच म्हणायच्या.

खरं म्हणजे ताईंना पोहायला शिकायचं होतं. साठीला आलेली बाई आणि पोहणं, हसा खुशाल. पण त्यांचं कारण पक्कं होतं. पाण्यात फोन नेता येत नाही. दोघांनी जवळच्या तलावावर नावं घातली होती, शिकवणी दुसऱ्या दिवशी सकाळपासून होती. साहेबांचं म्हणणं ऐकल्यावर यजमान भांडले वगैरे नाहीत. चहा गाळता गाळता एवढंच म्हणाले, "तू हो म्हणालीस तर मी कुरकुर करणार नाही. मी एकटा जाईन पोहायला."

ते भांडले असते तर बरं झालं असतं. ताईंना ते वाक्य सकाळभर टोचत राहिलं.

शेवटच्या दिवशी सकाळी ताई जुन्या गिऱ्हाइकांना भेटायला निघाल्या. बरोबर चष्मेवाली होती. ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली, आता त्यांच्या जागी बसणारी. हुशार पोर, पण त्या दिवशी गाडीत खिळल्यासारखी गप्प बसली होती. ताईंना वाटलं, बिचारीला आपल्या जाण्याचं वाईट वाटतंय.

आधी शीतगृह. तिथले व्यवस्थापक म्हणजे बर्फकाका. बारा महिने तेरा काळ अंगात स्वेटर, म्हणून हे नाव. त्यांनी ताईंना फुलं दिली, स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाले, "ताई, आता आमचं कसं व्हायचं हो!"

झालं! ताईंच्या तोंडातून निघून गेलं, "असं काय करता काका? फोन करा की. मी कुठं पळून चाललेय?"

बर्फकाका एकदम दचकले. "नको, नको! म्हणजे... करीन. करीन की. न करून कसं चालेल?" त्यांनी चष्मेवालीकडं पाहिलं. चष्मेवालीनं गोदामाच्या छताकडं पाहिलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

गाडीत बसल्यावर ताईंनी स्वतःच्याच मांडीवर चापट मारली. नाही म्हणायला निघालेली बाई आपण होऊन आमंत्रण देऊन आली होती! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. साहेबांना हो म्हणावं तर घरचा माणूस एकटा पोहायला जाणार, नाही म्हणावं तर ही सगळी दुकानं उद्या बंद पडणार. कोरी लेबलं, खोळंबलेले लोक, रडकुंडीला आलेले बर्फकाका, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं नाचायला लागलं.

मग बेकरी. बेकरीच्या मालकीणबाई ताईंच्याच वयाच्या, हात कायम पिठानं पांढरे. त्यांनी ताईंसाठी मोठा केक केला होता. मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांमध्ये छोटं टेबल मांडलं होतं. मालकीणबाईंनी सुरी हातात घेतली, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पुढं दुकानातलं लेबलाचं यंत्र टूंऽऽ करून ओरडलं आणि बंद पडलं.

ताईंनी पदर खोचला. "थांबा, मी बघते. रोल उलटा असेल."

पण काउंटरवरची बाई आत आली ती ताईंच्या बाजूनं सरळ पुढं गेली आणि चष्मेवालीसमोर उभी राहिली. "मॅडम, परवासारखंच झालंय. तुम्ही त्या मोबाईलमधून आत शिरून नीट करता ना, तसं करा जरा. बाहेर रांग लागलीय."

चष्मेवालीचा चेहरा पांढराफटक. काउंटरवरच्या बाईला वाटलं, आपलं काहीतरी सांगायचं राहिलं. म्हणून ती मालकिणीकडं वळली आणि म्हणाली, "आणि हो, ताईंना फोन करायची पाळी आज आपली की बर्फकाकांची? मागच्या खेपेला आपणच केला होता."

ही बाई नवीन लागलेली. ताईंना तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं.

मालकीणबाईंच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"पाळी?" ताई म्हणाल्या. "कसली पाळी?"

शेवटी चष्मेवालीच बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर धबाधबा बोलली. यंत्रं इंटरनेटला जोडल्यापासून सगळी दुरुस्ती ऑफिसात बसूनच होत होती. कुठं काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाच्या आधी तिलाच दिसायचं. गेल्या वर्षी ही सोय झाली आणि ताईंचा फोन एक आठवडा वाजलाच नाही.

"आठवतंय," ताई पुटपुटल्या. "मी फोन दुरुस्तीला नेला होता."

"आणि मग तुम्ही मला फोन केलात," मालकीणबाई म्हणाल्या. "विचारलंत, 'माझं काही चुकलं का हो?' तुमचा तो आवाज ऐकून माझ्या घशाखाली घास उतरेना. तुम्हाला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? मग आम्हीच ठरवलं, आळीपाळीनं कुणी ना कुणी तुम्हाला फोन करत जायचा."

"म्हणजे तुमच्या फोनपायी माझी भाजी करपली, त्या दिवशी तुमचा रोल सरळ होता?"

"सरळ होता हो. मी आधी उलटा केला, मग फोन लावला. खोटं बोलायचं तर नीट बोलावं ना!"

आता मात्र ताईंचा पारा चढला. "अहो, काय थट्टा आहे का? मी जेवणावरून उठून फोन घेत होते! खरकट्या हातानं!"

"आणि आम्ही काय पाटावर बसून करत होतो?" मालकीणबाईही पेटल्या. "मळलेलं पीठ टाकून, हात धुऊन फोन करायची मी! बर्फकाका तर अर्ध्या जेवणातून उठायचे. म्हणायचे, पाळी चुकवली तर बरं दिसत नाही!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. फोनच्या एका टोकाला एकीचं ताट थंड, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं, आणि मध्ये एक बिचारा सरळ रोल. आधी मालकीणबाईंना हसू फुटलं, मग ताईंना, आणि मग ते काही केल्या थांबेना. चष्मेवाली तेवढी रडत होती, पण तीही सुटल्यासारखी.

हसणं ओसरल्यावर ताई पिठाच्या पोत्यावर टेकल्या. वाईट वाटलं का? वाटलं. का नाही वाटणार? दगडाची बाई नव्हती ती. वर्षभर आपण ज्यांना सांभाळतोय असं वाटलं, ते आपल्यालाच सांभाळत होते, हे पचायला जड जातंच.

"सगळेच फोन खोटे होते का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे! आधीची सगळी वर्षं खरी. तुम्ही नसता तर मी दुकान कधीच गुंडाळलं असतं." मालकीणबाई टेबलावरचं पीठ उगाचच बोटानं गोळा करत राहिल्या. "आधीच्या वर्षांतलाही एक फोन खोटा होता, पण तो वेगळा. आमचे हे गेले, त्यानंतर मी दुकान उघडलं तो पहिला दिवस."

"दुपारी केला होता तुम्ही. लेबलं कोरी येत होती."

"कोरी नव्हती. चांगली येत होती. सकाळपासून जो येईल तो यांच्याबद्दलच बोलत होता. मला दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलणारं माणूस हवं होतं. तुम्ही तासभर माझ्याकडून ते यंत्र पुसून घेतलंत. कापूस घ्या, हळू फिरवा, घाई करू नका, आता पुन्हा एकदा. मी अख्खा वेळ रडत होते, ताई. तुम्हाला कळलं नसेल."

"कळलं होतं," ताई म्हणाल्या. "म्हणून तर तीनतीनदा पुसायला लावलं. एवढं पुसायची काही गरज नसते त्याला."

पुढं दुकानात टर्र असा आवाज झाला आणि लेबल बाहेर पडलं. चष्मेवालीनं डोळे पुसता पुसता मोबाईलवरून यंत्र चालू केलं होतं. रांग सरकली. ताईंनी कान देऊन ऐकलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा एखादं बंद पडलेलं यंत्र त्या समोर असूनही त्यांच्यावाचून चालू झालं होतं आणि त्यांना नुसता केक खायचा होता. त्यांनी दोन तुकडे खाल्ले.

संध्याकाळी ऑफिसच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. सहकारी होते, गिऱ्हाइकं होती, शेवटच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात यजमान होते. साहेब भाषणाला उठले. ताईंची कंपनीवरची माया, गिऱ्हाइकांचा ताईंवरचा जीव, असं करत करत गाडी मुद्द्यावर आली. "आणि मंडळी, आनंदाची गोष्ट अशी की ताई जात असल्या, तरी ताईंचा फोन मात्र..."

"नाही," ताई म्हणाल्या.

साहेब वळले. "काय म्हणालात?"

"नाही साहेब. फोन उद्यापासून बंद."

म्हणून झालं! आभाळ कोसळलं नाही, छत पडलं नाही. ताईंना स्वतःलाच नवल वाटलं, इतकी वर्षं आपण कशाला घाबरत होतो?

साहेबांना मात्र घाम फुटला. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, अख्खी कंपनी ताईंच्या फोनवर चालते असंच ते समजून होते. "पण ताई, गिऱ्हाइकांचं काय? ती काय म्हणतील?"

"आमची काही हरकत नाही!" बर्फकाका स्वेटरसकट उभे राहिले. फारच लगबगीनं उभे राहिले. शेजारून मालकीणबाईंनी त्यांना चिमटा काढला तेव्हा बसले.

दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. ताईंनी भाषण लिहून आणलं होतं, ते त्यांनी पर्समध्येच राहू दिलं.

"मला फार मोकळं वाटतंय," त्या म्हणाल्या. "फार म्हणजे फारच. तुमच्यापैकी आणखी कुणाला तसंच मोकळं वाटत असेल, तर लाजू नका, टाळ्या वाजवा."

आधी बर्फकाकांनी सुरुवात केली. मग मालकीणबाई, मग चष्मेवाली, मग सगळी खोली, आणि मागच्या रांगेतून यजमान तर उभं राहून, हात डोक्यावर नेऊन. टाळ्या थांबेचनात. थांबल्या असं वाटायचं आणि कुणीतरी पुन्हा सुरू करायचं. ताई आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले, आणि तरीही टाळ्या चालूच. शेवटी त्यांनाच दोन्ही हात वर करून ओरडावं लागलं, "अहो पुरे! इतकंही नको!"